पाटकरी रेडिओवर बोलला

शुक्रवारी सकाळी पाटकरी कालव्यावर पोचला, तेव्हा तीन नंबरच्या दारापाशी एक म्हातारा शेतकरी वाट बघत उभा होता. पाय अनवाणी, खांद्यावर फावडं. हा कालव्याच्या शेपटाकडचा माणूस, हे पाटकऱ्याने लांबूनच ओळखलं. तिकडची माणसं आली की आधी पाण्याकडे बघतात, मग माणसाकडे. भांडायलाच आला असणार, असं धरून पाटकऱ्याने सायकल बांधावर आडवी घातली आणि ग्रीसचा डबा हातात घेतला. हातात काहीतरी असलं की शिव्या ऐकायला बरं पडतं.

म्हाताऱ्याने फावडं खाली ठेवलं. पाटकऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"बोललात हो," तो म्हणाला. "कुणीतरी बोललं एकदाचं."

"काय बोललो?"

"बास. आता मागे घेऊ नका म्हणजे झालं."

एवढं बोलून त्याने फावडं उचललं आणि आला तसा बांधावरून चालू लागला. पाटकऱ्याच्या हाताचं ग्रीस त्याच्या हाताला लागलं होतं, ते तो चालता चालता धोतराला पुसत होता.

पाटकरी बघतच राहिला. सव्वीस वर्षं तो या कालव्यावर होता. काम एकच. साहेब सांगतील त्या दिवशी, सांगतील तेवढा वेळ, सांगतील ते दार उघडायचं आणि पुन्हा बंद करायचं. दार म्हणजे लोखंडी पत्रा, त्याला उभा दांडा, दांड्याला आटे आणि वर चाक. चाक फिरवलं की पत्रा वर येतो आणि चारीत पाणी पडतं. तीन नंबर पूर्ण उघडायला बावीस फेऱ्या. पंधराव्या फेरीपासून उजवा खांदा कटकट वाजायचा, तो आवाज आता त्याला दाराचाच वाटायचा. सव्वीस वर्षांत या हाताला शिव्या पुष्कळ मिळाल्या होत्या. पण असा दोन हातांत कुणी धरला नव्हता.

साल वाईट होतं. धरणात पाणी गुडघाभर, म्हणून उन्हाळ्यातल्या तीन पाळ्यांच्या दोनच झालेल्या. कागदावर तीन नंबरला दोन दिवस आणि पुढे शेपटाला पाच दिवस. तीन नंबरची चारी सरळ फळबागेत जाते. शेपूट त्याच्या पुढे नऊ मैल. तीन नंबर उघडं राहिलं की शेपटाला पाण्याऐवजी ओला चिखल पोचतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि पाटकऱ्याला सगळ्यात जास्त.

दहाच्या सुमाराला फळबागेचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने खाली उतरून मोसंब्यांची एक पेटी पाटकऱ्याच्या पायाशी ठेवली.

"बागवाल्या दादांनी पाठवलीय."

"मला? कशापायी?"

"बाजू राखलीत म्हणाले. माणूस इमानी आहे म्हणाले."

"अरे, पण मी केलं काय?"

ड्रायव्हर हसला. "आता आमच्यापुढे कशाला भोळेपणा, काका? काल सगळ्यांनी ऐकलं की रेडिओवर."

ट्रॅक्टर गेला. पेटी तशीच बांधावर. पाटकऱ्याने तिच्याकडे पाहिलं, कालव्याकडे पाहिलं, आणि बोटांवर वार मोजले. काल गुरुवार होता. गुरुवारी संध्याकाळी त्याच्या लेकीचा कार्यक्रम लागतो.

लेक दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून परत आली होती. आल्यावर महिनाभर ती कोपऱ्यात बसून होती. मग शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी गावात छोटं रेडिओ केंद्र काढलं, दहा-बारा मैल ऐकू जाईल एवढंच, आणि हिला कामाला घेतलं. पहिल्यांदा ती बाजारभाव वाचायची. मग 'आपलं म्हणणं' नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि दवाखान्याला कुलूप का, फळं भरायच्या शेडवर बायकांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी का, असलं काहीबाही ती लोकांना विचारू लागली. लोक तिला रेडिओताई म्हणू लागले. पाटकऱ्याला तिचा अभिमान होता, पण त्याने कार्यक्रम कधी ऐकला नव्हता. त्या वेळेला तो बांधाखाली असायचा आणि बांधाखाली रेडिओ नुसता खरखरतो.

आता त्याला आठवू लागलं. आठ-दहा दिवसांपूर्वी रात्रीच्या जेवणाला तिने ताटाशेजारी एक काळी डबी ठेवली होती. नवा फोन असेल असं त्याला वाटलं. "अण्णा, त्या तीन नंबरचं सांगा ना जरा," ती म्हणाली होती, आणि तो सांगत गेला होता. दिवसभर बोलायला कुणी नसलेला माणूस, कुणी विचारलं की सुटतो. शेवटी एक वाक्य त्याला असं झकास सुचलं होतं की त्याने ते दोनदा म्हणून दाखवलं. "मी चाक फिरवतो. पाणी जातं. कुठं जातं ते पाण्याला विचारा!" बायको हसली होती. लेकीने विचारलं होतं, "हे रेडिओवर लावू?" तो तोंडात घास असताना म्हणाला होता, "लाव की." पाटकऱ्याची बडबड कोण लावणार आहे!

दुपारी जेवायला घरी गेला तो पेटी सायकलला बांधूनच. बांधावर ठेवली तर कुणी बघेल आणि घरी नेली तर खाल्ल्यासारखी होईल, असं वाटून तो दोनदा अर्ध्या वाटेवर थांबला.

"काल मी रेडिओवर काय बोललो?" त्याने दारातूनच बायकोला विचारलं.

"ते तुम्ही मला विचारता?"

"तू ऐकलंस ना?"

"ऐकलं म्हणजे, तुमचा आवाज आला तशी मी शेजारणीला हाक मारायला धावले. ती कपडे वाळत घालत होती, तिचे हात ओले. आम्ही दोघी येईपर्यंत बाजारभाव लागले होते."

"मग शेजारीण काय म्हणाली?"

"ती म्हणाली, वांगी उतरली." बायकोने पेटीकडे बघितलं. "ही कुणी दिली?"

"बागवाल्यांनी."

"का?"

"तेच विचारतोय ना मी सकाळपासून!"

पेटी पलंगाखाली गेली. घरभर मोसंब्यांचा वास सुटला आणि त्या वासात दोघं जेवली. लेक केंद्रावरच होती.

शनिवारी साहेबांचं बोलावणं आलं. पाटकरी धुतलेला शर्ट घालून गेला. कचेरीच्या ओसरीत बाक होतं, पण त्यावर फायली रचलेल्या, म्हणून तो उभा राहिला. तासाभराने साहेब बाहेर आले आणि मागच्या बाजूला गेले. शिपायाने खूण केली, तसा तोही मागे गेला. साहेबांना कुंड्या उन्हातून सावलीत हलवायच्या होत्या.

"धर रे तिकडून," साहेब म्हणाले.

पाटकऱ्याने अकरा कुंड्या हलवल्या. उजवा खांदा वाजत होता. बाराव्या कुंडीपाशी साहेब म्हणाले, "तुझी पोरगी काय उद्योग करते, कल्पना आहे तुला?"

"रेडिओवर आहे, साहेब."

"रेडिओवर आहे!" साहेबांनी शिपायाकडे बघून मान हलवली. "पाण्याला विचारा म्हणतोस? पाण्याला? म्हणजे कुणाला रे? मला?"

"नाही साहेब. ते आपलं, गमतीनं."

"वरून फोन आला मला. खात्याची गंमत करतोस?" मग आवाज एकदम मऊ झाला. "हे बघ, तू जुना माणूस. दीड वर्षाने सुटशील, पेन्शन घेशील. मला तुझं वाईट करायचं नाही." खिशातून टाइप केलेला कागद निघाला. "वाच."

पाटकऱ्याने वाचला. 'दिनांक अमुक रोजी प्रसारित झालेला आवाज माझा नाही. सदर केंद्राने खोडसाळपणे माझे नाव वापरले आहे.' खाली सहीला जागा.

"पण माझं नाव तर घेतलं नाही ना कुणी, साहेब?"

"सही कर आणि शुक्रवारी आणून दे. बारावी कुंडी तशीच राहिली बघ."

परत येताना त्याला कळेना की रागवावं कुणावर. तोंड आपलं, शब्द आपले, लेक आपली. म्हाताऱ्याला वाटतं आपण बागवाल्यांविरुद्ध बोललो, बागवाल्यांना वाटतं त्यांचं नाव न घेऊन त्यांची बाजू राखली, आणि साहेबांना वाटतं त्यांची चेष्टा केली. एकाच तोंडातून तीन बोलणी कशी काय निघाली? घरी न जाता तो सरळ केंद्रावर गेला.

केंद्र म्हणजे पशुखाद्याच्या बंद दुकानावरची खोली. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, खिडकीला गोधडी, आणि आत इतकी शांतता की स्वतःच्या कानातलं ऐकू यावं. लेक टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती. बाप आत आलेला बघून ती उठली.

"मला ऐकव," तो म्हणाला.

तिने त्याच्या डोक्यावर ते कानाचं यंत्र चढवलं. एक म्हातारा बोलू लागला. घोगरा, घाईघाईने बोलणारा, मध्येच घास गिळणारा. "दोन दिवस म्हणून उघडायचं, आणि चार-चार दिवस उघडंच. मी चाक फिरवतो. पाणी जातं. कुठं जातं ते पाण्याला विचारा." मग कुणीतरी हसलं. ते हसणं बायकोचं होतं, ते त्याने लगेच ओळखलं.

"हा कोण आहे?" त्याने विचारलं.

"अहो, तुम्हीच."

"माझा आवाज असा नाही."

"सगळ्यांना असंच वाटतं, अण्णा. आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो."

त्याने पुन्हा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. मग यंत्र काढून टेबलावर ठेवलं. साहेबांच्या कागदावर सही केली तर ती खोटी ठरेल का, हेच त्याला समजेना. हा आवाज खरंच त्याच्या ओळखीचा नव्हता.

"यात काहीतरी राहिलंय," तो म्हणाला. "मी आणखी बोललो होतो."

लेक खिडकीकडे बघू लागली.

"पोरी, काय राहिलंय?"

"तुम्ही म्हणाला होता, साहेबांचा फोन येतो, तीन नंबर उघड म्हणून, आणि मग मी चाक फिरवतो. ते मी काढलं."

"का?"

"तुमची नोकरी जाईल म्हणून. एकच वाक्य काढलं, अण्णा."

पाटकरी स्टुलावर बसला. एकच वाक्य. तेवढं काढल्यावर उरलेल्या बोलण्याला डोकंच नव्हतं, ज्याने त्याने आपल्याला हवं ते डोकं त्यावर बसवलं होतं.

"म्हणजे मला वाचवायला गेलीस."

"हो."

"आणि न विचारता."

"लावायचं का ते विचारलं होतं. कापायचं का ते नाही विचारलं." तिचे डोळे भरून आले, पण आवाज तसाच होता. "दुसऱ्यांची वाक्यं मी कापत नाही. शेडवरच्या बायका नोकरीवर पाणी सोडून बोलल्या, त्यांचं अक्षर कापलं नाही. तुमचं कापलं. बाई मला म्हणाल्या होत्या की हे बरोबर नाही. तुम्ही म्हणाल तर गुरुवारी सांगते मी, की ते बोलणं चुकून लागलं. सांगू?"

त्याने खिशातला कागद तिला दाखवला. तिने वाचला, घडी घालून परत दिला. सही करा म्हणाली नाही आणि करू नका असंही म्हणाली नाही. तेवढ्याने तो चिडला.

"अगं, तू तरी सांग ना काय करू! जगाला विचारत फिरतेस, तुला एवढं सांगता येत नाही?"

"नाही सांगता येत," ती म्हणाली. "तुमची सही आहे ती."

सोमवारपासून शेपटाचे पाच दिवस सुरू झाले. पाटकऱ्याने सकाळी तीन नंबर घट्ट बंद केलं, कडेने पाझर राहू नये म्हणून फटीत चिखल लिंपला आणि पाणी पुढे जाताना बघत बसला. ऊन असं की लोखंडाला हात लावायचा तर फडकं लागायचं. मंगळवारी भर दुपारी फोन वाजला.

"तीन नंबर उघड. बारा फेऱ्या," साहेब म्हणाले.

"साहेब, पाळी शेपटाची आहे."

"रेडिओवर बोलून बोलून जीभ सैल झाली का रे? उघड. आणि कागद विसरू नको."

पाटकऱ्याने चाक धरलं. एक, दोन, तीन. त्याला वाटलं, चौथी फेरी फिरणार नाही. पण फिरली. पाचवीही फिरली. हातांना सव्वीस वर्षांची सवय होती, ते डोक्याला विचारत नव्हते. बारा झाल्या तेव्हा चारीत पाणी धो धो पडत होतं आणि पुढचा कालवा बोट बोट उतरत होता. तो बांधावर बसला. खांदा ठणकत होता. कुणी विचारलं असतं तुला काय वाटतं, तर त्याला सांगता आलं नसतं. लाज म्हणावी तर हुकूम पाळला होता. बरं म्हणावं तर चारीतल्या पाण्याकडे बघवत नव्हतं.

संध्याकाळी म्हातारा शेतकरी आला. या वेळी त्याने हात धरला नाही. उघड्या दाराकडे बघितलं, पाटकऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "असं होय." मग परत फिरला. शिवी दिली असती तर पाटकऱ्याने उलट दिली असती.

बुधवारी त्याने मोसंब्यांची पेटी पलंगाखालून काढली आणि फळबागेच्या फाटकाशी ठेवून आला. दोन फळं नासली होती. ती नासकी फळं परत देणं वाईट दिसेल म्हणून त्याने वाटेत फेकली, मग आता मोजली तर कमी भरतील म्हणून परत जाऊन शोधली, आणि ती सापडली नाहीत.

गुरुवारी कामावरून तो केंद्रावर गेला. अंगावर ग्रीसचा शर्ट तसाच. निवृत्त बाई दारात होत्या, त्यांनी त्याला आत सोडलं. लेक टेबलापाशी होती. लाल दिवा लागायला पाच मिनिटं होती.

"मला बोलायचंय," तो म्हणाला.

"काय बोलणार?"

"ते मलाही नीट ठाऊक नाही. पण कापू नको."

"थेट जातं, अण्णा. कापताच येणार नाही."

दिवा लागला. लेकीने नेहमीप्रमाणे कार्यक्रमाचं नाव सांगितलं आणि माईकचा दांडा त्याच्यापुढे सरकवला. पाटकऱ्याने घसा साफ केला. तो आवाज सगळ्या मुलखात गेला असेल या विचाराने त्याला घाम फुटला.

"नमस्कार. मी तो, पाण्याला विचारा म्हणणारा," तो म्हणाला. "ते मी गमतीत म्हणालो होतो. म्हणजे गमतीत नाही. म्हणजे, जेवताना म्हणालो होतो." तो थांबला. लेक त्याच्याकडे बघत होती, पण मदत करत नव्हती. "माझ्याकडे एक कागद आहे. त्यात लिहिलंय की तो आवाज माझा नाही. मी तो आवाज ऐकला. मलाही माझा वाटला नाही. पण बोलणं माझंच होतं, आणि त्यातलं एक वाक्य राहिलं होतं. ते असं, की मला साहेबांचा फोन येतो. परवा मंगळवारी दुपारी आला. शेपटाची पाळी असताना तीन नंबर उघड म्हणाले. मी बारा फेऱ्या फिरवल्या. त्यांनी सांगितल्या, पण फिरवल्या मी. आता यात चूक कुणाची किती, ते मला समजत नाही. तुम्हाला समजलं तर बघा. बाकी, दाराला ग्रीसचा नवा डबा महिनाभरात मिळालेला नाही, तेही सांगून ठेवतो."

दिवा विझेपर्यंत लेक काहीतरी बोलत राहिली, त्यातलं त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर ती त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. बायको घरी म्हणाली, "आज पुरतं ऐकलं हो मी. शेजारणीला गेली उडत म्हटलं." मग विचारलं, "पेन्शनचं काय होईल?"

"ठाऊक नाही."

शुक्रवारी त्याने सही न करताच तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उचललाही नाही. दुसरा कागद तयार होता. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये. दाराच्या कुलपाची चावी शिपायाकडे द्यावी. पाटकऱ्याने चावी दिली, आणि हात एकदम इतका हलका झाला की तो कुठे ठेवावा हे त्याला सुचेना.

शनिवारी सकाळी सवयीने जाग आली. काम नव्हतं तरी तो सायकल काढून कालव्यावर गेला. तीन नंबरपाशी नवा तरणा पाटकरी उभा होता आणि त्याच्याजवळ दोन अनोळखी अधिकारी, पाण्यात मोजपट्टी धरून. दार बंद होतं. वरून आदेश आला आहे, नवा पाटकरी दबक्या आवाजात म्हणाला, पाच दिवस सगळं पाणी पुढे. त्यानंतरचं कुणालाच सांगता येत नाही.

"तुमच्यामुळे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"कुणी असंही म्हणतं की निवडणूक आलीय म्हणून."

पाटकऱ्याने पाण्याकडे बघितलं. पुन्हा कोरड्या पडलेल्या कालव्यातून पाण्याचं तोंड नुकतंच पुढे सरकत होतं. पुढे फेसाची ओळ, तीत वाळकी पानं, काटक्या आणि जीव घेऊन पळणारे मुंगळे. चालत्या माणसाएवढाच त्याचा वेग. सायकल तिथेच टाकून तो बांधावरून त्याच्याबरोबर चालू लागला. का चालू लागला, हे त्याला कुणी विचारलं नाही ते बरं झालं.

पाणी भेगांत मुरायचं, थांबायचं, खड्डा भरून घ्यायचं आणि पुन्हा निघायचं. तेव्हा तोही थांबायचा. नऊ मैल चालायला दुपार कलली. इतक्या वर्षांत तो कालव्याच्या शेपटाला कधी गेलाच नव्हता. तिथे कालवा असा नव्हताच, नुसती हातभर रुंदीची चारी, मग वावर. दहा-पंधरा माणसं फावडी घेऊन उभी होती. कुणी ओरडत नव्हतं. सगळे पाण्याकडे बघत होते.

पाणी आलं. घोट्यापर्यंतच, मातकट, पण आलं. पाटकरी वहाणा काढून चारीत उतरला. पाय पोळले होते, ते थंड झाले. म्हातारा शेतकरी कुठे दिसतो का, ते तो शोधू लागला. त्याला काहीतरी सांगायचं होतं, काय ते ठरलं नव्हतं.

तेवढ्यात लुगड्याचा काचा मारलेली एक बाई फावडं घेऊन जवळ आली. तिने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

"बाजूला व्हा की, बाबा," ती म्हणाली. "मध्ये उभे राहिलात, पाणी अडतंय."

"हो, हो," म्हणून पाटकरी बाजूला झाला.